बाईंनी ओळखलेला रंगारी

मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं, हे बाईंचं काम. इस्पितळाच्या तळमजल्यावर दोन समांतर दांड्या, भिंतीला आरसा आणि दिवसभर बाईंचा आवाज: "टाच आधी. आता थांब. श्वास सोड. हं, दुसरा पाय." सव्वीस वर्षांत किती जण त्यांच्या हाताखालून गेले याची गणती नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की बाई मागे वळूनही न बघता कोण आलंय ते सांगत, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

म्हणून तर पोलीस त्यांच्याकडे आले. औषधांच्या दुकानात चोरी करताना कुणीतरी म्हाताऱ्या मालकाचं डोकं फोडलं होतं. कॅमेऱ्यात चोराचं तोंड झाकलेलं, चाल मात्र स्वच्छ दिसत होती. बाईंनी एकदाच पाहिलं आणि छातीठोकपणे सांगून टाकलं, "हा तर आपला रंगारी!" भिंत रंगवताना शिडीवरून पडून खुबा मोडलेला हा गडी बाईंनीच पायावर उभा केला होता. मग तज्ज्ञ आले. त्यांनी रंगाऱ्याला चालवून मोजमापं घेतली, सगळी जुळली. शास्त्राचं आणि बाईंचं एकमत झाल्यावर न्यायाधीश बिचारे काय करणार? सात वर्षांची शिक्षा झाली.

दोन वर्षांनी एका नव्या डॉक्टरने दांड्यांपाशी गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बसवला. पडद्यावर नुसते पाय पाहून बाई ओरडल्याच, "अगंबाई, रंगारी! सुटला का हा?"

डॉक्टर हसला. "बाई, या कालच्या आजी आहेत."

बाईंनी दुसऱ्या पेशंटचे पाय दाखवायला लावले, मग तिसऱ्याचे. सगळे टाच टेकवून क्षणभर थांबत होते. बाईंनी प्रत्येकाला तेच शिकवलं होतं. चोर त्यांच्या शेकडो पेशंटांपैकी कुणीही असू शकत होता. बाई तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पोलिसांकडे गेल्या. साहेबांनी फाइल पुढे सरकवली. "पण खटल्यानंतर त्याने स्वतःच कबुली दिलीय, बाई."

तुरुंगाच्या जाळीपलीकडे रंगारी वाळून काटकी झाला होता.

"चुकले रे मी," बाई म्हणाल्या. "कबूल कशाला केलंस?"

"त्या दिवशी मी भरपूर प्यायलो होतो, बाई. काहीच आठवत नव्हतं. तुम्ही कोर्टात सांगितलंत, तेव्हा म्हटलं, मीच असणार. एक वेळ आई मला ओळखायला चुकेल, तुम्ही नाही चुकणार."

"अरे, पण चुकले ना! मी कोर्टात तसं सांगते. तू फक्त म्हण, कबुली खोटी होती."

रंगाऱ्याने त्यांची समजूत घालावी तशा आवाजात सांगितलं, "खोटी कशी म्हणू? आता मला ते दुकान आठवतं, बाई. म्हातारा हात जोडत होता, तेसुद्धा आठवतं."