चूक मोठ्या गाडीची

आमच्या भागात अपघाताचा न्याय जागेवर होतो आणि त्याचं कलम एकच: चूक मोठ्या गाडीची. मोटारसायकल रिक्षावर आपटली तर रिक्षावाला मार खातो, रिक्षा टेम्पोवर आपटली तर टेम्पोवाला. बेटेगावजवळ भर दुपारी आमची कार उभ्या टँकरवर आदळली, तेव्हा टँकरच्या ड्रायव्हरचा निकाल बहुधा काच फुटण्याआधीच लागला होता.

कार माझ्या भाच्याची. तारापूरच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे. शोरूममधून आलेली गाडी त्याला भित्री वाटे. बोईसरात खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या एकाकडून त्याने गॅसकटरने तिच्या स्प्रिंगा कापून घेतल्या. गाडी जमिनीला पोट घासत चालू लागली. टायर रुंद घातले, ते पत्र्याबाहेर डोकावत. स्टीअरिंग रेसच्या गाडीचं, छोटं. त्यात एअरबॅग मावेना. फेकून कशी द्यायची, म्हणून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरच्या कपाटात, माझ्या बहिणीच्या साड्यांवर जपून ठेवली.

"आणि ब्रेक?" पालघरहून निघताना मी विचारलं होतं.

"मामा, गाडी पलवायला घेतली का थांबवायला?"

मी पट्टा लावायला गेलो, तर खाचेत गजर गप्प करणारी क्लिप. ती उपटून काढली तसा तो हसला. "इमानात बसलाय काय तुमी?"

बेटेगावच्या अलीकडे चाक खड्ड्यात गेलं. गाडी खाली बसली, चाकावरच्या पत्र्याने टायर चिरला आणि तो फुटला. भाच्याने ब्रेक दाबला. गाडीने तो फारसा मनावर घेतला नाही. नारळ फुटावा तसा आवाज झाला. त्याचं तोंड स्टीअरिंगवर आपटलं होतं.

दार उघडायला सर्वांत आधी धावला तो टँकरचा ड्रायव्हर. कडेला बसून जेवत होता. हाताला भाजी तशीच. त्यानेच भाच्याला ओढून बाहेर काढलं.

मग लोक जमले.

पहिली थप्पड कोणी मारली ते दिसलं नाही. नंतर लाथा, चपला, कोणाचं तरी हेल्मेट. ड्रायव्हर खाली पडला. "गाड़ी तो खड़ी थी, भाई," एवढंच तो म्हणत होता. एकाने दगड उचलला.

मी ओरडलो, "टायर फुटला आमचा! याची काय चूक?"

"तुमी बाजूला व्हा, काका. तुमाला चक्कर आलीय."

भाचा रस्त्यावर बसून दात थुंकत होता. मी त्याला गदागदा हलवलं. "सांग ना यांना!"

त्याने आपल्या गाडीकडे पाहिलं, मग गर्दीकडे. एवढ्या लोकांसमोर गाडीला नावं ठेवायची म्हणजे फारच. रक्त गिळून तो म्हणाला, "टँकर मदे आला."

दगड वर गेला. मी ड्रायव्हरच्या अंगावर आडवा पडलो. दगड माझ्या खांद्यावर बसला, हाड कडकन वाजलं. पुढचा फटका कपाळावर.

"आरं थांबा! म्हातारा आपला हाय, त्याला लागला!"

सत्याने जे जमलं नव्हतं, ते माझ्या रक्ताने केलं. पाय मागे सरले. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, अर्थात मला.

खाली ड्रायव्हरचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्याची बरगडी गेली असावी आणि वर माझं वजन. मी एका हातावर जोर देऊन उठू लागलो. त्याने माझा सदरा घट्ट पकडला.

"साब," तो कुजबुजला, "अभी मत उठना।"