पट्टा आधी स्वतःच्या हाताला

तिचं नाव मी विचारलं नाही. दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्यात बीपी तपासायला गेलो होतो, तर मशीनच बंद. मग अंबाड्यात पेचकस खोचलेली तिशीतली एक बाई आली, मशीन उघडून बसली आणि त्याच्याशीच बोलायला लागली, "क्या हुआ महाराज, नाराज हो?" अख्खी रांग हसली. मीही हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

मशीन सुरू झालं. मी हात पुढे केला, तर तिने पट्टा आधी स्वतःच्याच दंडाला गुंडाळला. म्हणाली, "रुकिए अंकल. पहले मेरा हाथ, फिर मरीज़ का."

मी चाट पडलो. फौजेत मी जन्मभर ट्रक दुरुस्त केले. ज्याने ब्रेक जोडला त्यानेच पहिली फेरी मारायची, हा आमचा नियम. ही तर आमच्यातलीच निघाली!

घरी नात आठवडाभर रुसलेली. तिला ही दवाखान्यातली मशीनंच दुरुस्त करायला शिकायचं होतं, आणि मी बोलून बसलो होतो, "डॉक्टर हो, नाहीतर गप बस. पाना फिरवायला कॉलेज कशाला?" तिची आजी असती तर तिने मलाच गप बसवलं असतं.

"कॉलेजचा फॉर्म आण," मी नातीला म्हणालो.

"आजोबा, सही करणार? बिल्कुल पक्कं?"

"करतो. पण पट्टा आधी स्वतःच्या हाताला."

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते सांगत बसलो. चहा दोनदा निवला.