इंदूच्या भिंतीवरचं फ्लेमिश चित्र

मनीषाचा फोन आला तेव्हा मी इंदूसाठी डबा भरत होते. मुगाची खिचडी आणि पातळ कढी, दुसरं काही तिला पचत नव्हतं. मनीषा म्हणजे इंदूच्या भावाची मुलगी. "मावशी, घाई करू नका, जिने चढायचेत तुम्हाला..." ती म्हणाली, आणि मग, "आत्या गेली." रात्री झोपेतच गेली होती. सकाळी मनीषा आपल्या किल्लीने दार उघडून आत गेली तर इंदू कुशीवर निजलेली, चष्मा उशाशी. मी डब्याचं झाकण लावलं आणि तो घेऊनच निघाले. का घेतला, सांगता येत नाही. तिच्या घरी रिकाम्या हाताने जायची सवयच राहिली नव्हती.

आता महिना होऊन गेला. तरी दुपारी कुकर लावताना हात दोघींपुरतेच तांदूळ घेतो.

इंदू सायखेड्याची, गोदाकाठच्या शेतकरी घरातली. नाशिकला नर्सिंग शिकताना आम्ही एका खोलीत राहत होतो. हॉस्टेलमध्ये एकदा कुणाचं तरी घड्याळ हरवलं आणि मेट्रनने सगळ्यांच्या पेट्या तपासायला काढल्या. इंदूने आपली पेटी पलंगावर उलटी केली. घड्याळ पुढे न्हाणीघरात सापडलं, पण तिचे कपडे पलंगावर तसेच. "आवर की आता," मी म्हटलं. "राहू दे, बघू देत सगळ्यांना," ती म्हणाली, आणि त्या रात्री माझ्या पलंगावर दाटीवाटीने झोपली. ती अशीच होती. कष्टाला कधी कंटाळली नाही, पण तिच्याकडे कुणी संशयाने पाहिलं की ते तिच्या अंगात काट्यासारखं राहायचं.

मी इथल्याच सरकारी दवाखान्यात लागले. ती बेल्जियमला गेली, अँटवर्प नावाच्या शहरात. आधी तिथल्या एका इस्पितळात आणि मग एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी, त्यांची देखभाल करायला. बाईंची मुलं दूर राहत. दोघी एका टेबलावर समोरासमोर बसून जेवायच्या आणि टेबलामागच्या भिंतीवर ते चित्र होतं. जुनं, फ्लेमिश म्हणजे तिकडच्याच कुणा चित्रकाराचं. काळपट पार्श्वभूमी, पांढरं चुरगळलेलं कापड, अर्धवट सोललेलं लिंबू, पावाचा तुकडा, वाइनचा पेला, द्राक्षांचा घड आणि कडेला निपचित पडलेला एक पक्षी. आईचं दुखणं वाढलं म्हणून इंदू कायमची परत यायला निघाली, तेव्हा बाईंनी ते चित्र खाली उतरवायला लावलं आणि एका लोकरीच्या ब्लँकेटमध्ये बांधून तिला दिलं. "तू गेल्यावर मी ह्याच्यासमोर एकटी जेवणार नाही," असं म्हणाल्या होत्या. इंदूने हे मला परत आल्या आल्या सांगितलं होतं, अगदी साधेपणाने.

आई गेली. इंदूने लग्न केलं नाही. गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर छोटी जागा घेतली आणि जेवणाच्या टेबलामागे ते चित्र लावलं. इमारतीला लिफ्ट नव्हती, पण तेव्हा ती धावत जिने चढायची. मग गुडघे गेले, त्यामागून हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले. मनीषाच्या इमारतीत तळमजल्यावरची एक जागा विकायला निघाली होती, आणि त्याच सुमारास मनीषाच्या नवऱ्याने कुठेतरी वाचलं की अशा चित्रांना मोठी मागणी असते. इंदूने बरेच दिवस विचार केला. शेवटी म्हणाली, "विकून टाकू. बाईंना राग नाही यायचा. त्यांचेही गुडघे दुखायचे."

मुंबईहून जुन्या चित्रांचा एक व्यापारी आला. सभ्य माणूस होता. दिव्याच्या उजेडात भिंग लावून त्याने चित्र पुढून पाहिलं, मागून पाहिलं. चित्र अस्सल जुनं आहे, चित्रकाराचं नाव सांगता येत नाही पण माल चांगला आहे, म्हणाला. चहा घेता घेता त्याने विचारलं, "हे तुमच्याकडे आलं कसं?" इंदूने सांगितलं. "काही कागद?" कागद नव्हता. "नाही, म्हणजे... तुम्ही त्यांच्याकडे नर्स होतात ना? त्यांच्या घरच्यांना माहीत आहे हे?" इंदू त्याचा कप उचलून आत गेली आणि बराच वेळ नळाखाली धूत राहिली.

त्यानंतर आणखी दोघेजण आले. प्रश्न तोच. प्रत्येक वेळी मी तिथे होते, आणि प्रत्येक वेळी इंदू तीच हकिगत आधीपेक्षा थोडक्यात सांगायची. तिसऱ्या माणसाला तर ती एवढंच म्हणाली, "दिलं मला." तो गेल्यावर पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "शोभा, थकले गं मी."

पण पहिल्या व्यापाऱ्याने चित्राचा नाद सोडला नव्हता. त्याने कुठून कुठून चौकशी करून त्या बाईंच्या मुलीचा पत्ता लावला, आणि एका दुपारी मनीषाच्या मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ कॉल जोडून दिला. पलीकडे पांढऱ्या केसांची एक आजीबाई होती. इंदू त्यांच्या भाषेत बोलू लागली. आधी अडखळत, मग सरळ. इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि तिच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदाच ऐकत होते. मनीषाने फोन चित्रासमोर धरला तेव्हा पलीकडची बाई हाताने खूण करून जवळ, आणखी जवळ, असं सांगत राहिली. मग ती रडू लागली. इंदूचा चेहरा मात्र उतरत गेला.

फोन ठेवल्यावर तिने सांगितलं. इंदूने चित्र चोरून नेलं असंच त्या घरात सगळ्यांनी धरलं होतं. त्यांची म्हातारी आई सांगत होती, मी दिलं, मी दिलं. पण तोवर तिला विसरायला व्हायला लागलं होतं, म्हणून कुणी तिचं ऐकलं नाही. आता मुलगी माफी मागत होती. चित्र तुमचंच आहे, हवा तो कागद सही करून पाठवते, म्हणत होती.

"मग झालं तर," मी म्हटलं. "आता विकायला काही अडचण नाही."

"आता नाही विकायचं."

"का?"

"आता विकलं तर तिला वाटेल, ह्याच्यासाठीच नेलं होतं."

मनीषाने समजावलं, सायखेड्याहून भाऊ येऊन बोलून गेला. मी तर भांडले. जिवापेक्षा कुणाला काय वाटेल ते मोठं का, असं विचारलं. ती म्हणाली, "तुझं बरोबर आहे." आणि तिथेच राहिली. तळमजल्यावरची जागा दुसऱ्या कुणी घेतली. मग ती खाली उतरायचीच बंद झाली आणि मी डबा घेऊन वर जाऊ लागले. प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत पोचायचे, ती दार उघडून उभी असायची, आणि दोघींना दम लागलेला असायचा... पुष्कळदा पहिली पाच मिनिटं आम्ही नुसत्याच बसून असायचो. तिचा राग यायचा मला. अजूनही येतो. ती तळमजल्यावर गेली असती तर आज असती का, हे डॉक्टरांना विचारायचं मी टाळलं आहे.

चित्र तिच्या भावाने, रामभाऊंनी, गावाला नेलं. मागच्या रविवारी मी सायखेड्याला गेले होते. द्राक्षाची छाटणी चालू होती, घरात माणसांची ये-जा. बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर त्यांनी ते चित्र लावलंय, जरा तिरकंच. शेजारचे एक शेतकरी चहाला बसले होते. चित्राकडे बघत त्यांनी विचारलं, "रामभाऊ, हे कुठून आणलं?"

रामभाऊ बशीत चहा ओतत होते. ते थांबले. बशी खाली ठेवली.

"आणलं नाय," ते म्हणाले. "दिलेलं हाय. माझ्या बहिणीला एका बाईनं दिलेलं हाय."

शेजाऱ्याने मान हलवली आणि छाटणीचं काहीतरी विचारलं. पण रामभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, आपण बरोबर सांगितलं ना, अशा नजरेनं.

"हो," मी म्हटलं. "दिलेलं आहे."