सुपारीत बोललेलं

गारखेड्यात आवडाबाईचं नाव काढलं की लोक हात जोडतात. झोप उडालेल्या, मन बिघडलेल्या कामगार पोरांना आणि त्यांच्या आयांना ही बाई कशी जीव लावते, ते कौतुकानं सांगतात. एका मंडळानं तिला शालही पांघरली. तिनं ती घेतली. पण हा सगळा उद्योग तिनं मायेपोटी मांडलाच नव्हता. तिला एका माणसाचा सूड घ्यायचा होता.

मूळ गोष्ट तिच्या गावची, देवगाव रंगारीची. तिचा बन्सी वाळूजला एका कंपनीत प्रेसवर होता. सारख्या रातपाळ्या, वर साहेबाच्या आईबहिणीवरून शिव्या. पोराची झोप गेली, जेवण गेलं, मग तो भिंतीशी बोलायला लागला. नवरा वारलेला, तरी आवडाबाई कुठल्या भगताच्या दारात गेली नाही. बन्सीला तिनं सरळ घाटीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. गोळ्या लागू पडल्या, पोरगा कामावर जायला लागला आणि सोयरीकही जुळून आली.

सुपारी फोडायच्या आधी मुलीचा बाप उभा राहून मुलाच्या भावकीला विचारतो, कुणाला काही बोलायचंय का. विचारायचं म्हणून विचारतात, बोलत कुणीच नसतं. त्या दिवशी मात्र बन्सीचा चुलता काकासाहेब उठला. त्याच्या मेहुण्याची पोर आवडाबाईनं बन्सीसाठी नाकारली होती, तो राग त्याच्या पोटात होता. घसा साफ करून तो म्हणाला, "उद्या आमच्यावर बोल नको. पोरगं येडं हाय. गोळ्यांवर चालतंय."

पाहुणे सुपारी न फोडताच उठून गेले. बन्सीनं गोळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि परत भिंत धरली. त्याला पुन्हा उभं करण्यात आवडाबाईची कैक वर्षं गेली. त्याला मुलगी मात्र नंतर कुणी दिली नाही.

वावर बटईनं लावून तिनं शहरात, गारखेड्यात खोली घेतली आणि दर शुक्रवारी असा आजार असलेल्या घरांतल्या माणसांना देवळाच्या सभामंडपात जमवायला सुरुवात केली. नियम एकच. नव्या माणसानं उभं राहून, आपल्या घरात कोण आजारी आहे ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग बाकीच्यांनी म्हणायचं, आमच्या बी घरात. तिथं येणाऱ्या गुलमंडीच्या शहजादीनं एकदा विचारलं, इतकं कडक कशाला, बायका रडतात ना. बोलल्यानं ओझं उतरतं, असं आवडाबाईनं सांगितलं. ते खरंही होतं, पण तिला ते मागाहून कळलं. नियम केला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं काकासाहेब उभा होता. कधीतरी याच्याही घरात हे येईल आणि हा इथंच येईल, एवढ्यावर ती जगत होती.

आणि तो आला. त्याच्या पोरानं, पुंजारामानं, खोलीचं दार लावून घेतलं होतं, कामावर जाणं सोडलं होतं. सीताफळांची पाटी घेऊन काकासाहेब तिच्या दारात उभा राहिला आणि वहिनी, चारचौघांत नको, म्हणून गयावया करायला लागला. तिनं पाटीला हात लावला नाही. शुक्रवारी या, म्हणाली.

शुक्रवारी तो उभा राहिला आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

"सुपारीत तर लई खणखणीत आवाज व्हता, भाऊजी," आवडाबाई म्हणाली.

मग तो बोलला. माझं पोरगं आजारी हाय, म्हणाला आणि खाली बसला. आमच्या बी घरात, असं सगळे म्हणाले. आवडाबाई म्हणाली नाही. घरी जाऊन तिनं पुरण घातलं आणि तुपाशी पोटभर खाल्लं.

पण तेवढ्यानं तिचं मन भरलं नाही. पुंजारामावर तिचा राग नव्हता. त्याला तिनं डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या चुकवल्या की झापलं. बन्सी त्याला आपल्या गाडीवर कामाला सोडायचा. पोरगा सुधारत गेला तशी तीही खुलत गेली, कारण आता त्याची सुपारी होणार होती.

ती ठरली. काकासाहेबानं पाहुण्यांना आजाराचा पत्ता लागू दिला नव्हता. भावकी म्हणून आवडाबाईला बोलावणं मात्र भाग होतं. आदल्या आठवड्यात पुंजाराम एकटाच तिच्याकडे येऊन म्हणाला होता, काकू, मला लपवून लग्न करायचं नाय.

मुलीच्या बापानं उठून विचारलं. बायकांतून आवडाबाई उभी राहिली. तिनं पदर सारखा केला, पाणी मागवलं, सावकाश प्यायली. काकासाहेबाला फुटलेला घाम तिनं डोळे भरून पाहिला.

"पोरगं आजारी पडलं व्हतं," ती म्हणाली. "आता गोळ्या घेतंय, कामाला जातंय. पोरगं सोनं हाय. त्याला जामीन मी."

मुलीच्या बापानं पुंजारामाकडे पाहिलं. खरं हाय, पुंजाराम म्हणाला. बाप आत जाऊन मुलीशी बोलून आला आणि म्हणाला, फोडा सुपारी.

काकासाहेब तिच्या पायाशी वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"तवा एवढंच बोलायचं व्हतं तुम्ही, भाऊजी."

तो वाकलेलाच राहिला. पलीकडे, कानशिलांवरचे केस पिकलेला बन्सी पाहुण्यांना सुपारी वाटत होता.