काजळीची काच

गोविंदमास्तर गेल्याचं मला त्यांच्या घरून कोणी कळवलं नाही. तांबट आळीतल्या माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक घंगाळाचा भाव पाडत होतं, तेच बोलता बोलता म्हणालं, "मास्तर गेले, शाळेला आज सुट्टी आहे." मी भाव सोडला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र बराच वेळ गादीवरून उठवेना... चाळीस वर्षांचं आमचं वैर, ते आता मला एकट्यालाच सांभाळायचं होतं.

आम्ही एका गल्लीतले. तो भिक्षुकाचा मुलगा, मी कल्हईवाल्याचा. त्याने पुस्तकं धरली, मी भाता. खग्रास सूर्यग्रहण सोलापूरकडे जेऊरला दिसणार, हे शोधून काढलं त्याच्या पाठच्या भावाने, दत्तूने. पंचांग आणि नकाशा पुढ्यात घेऊन तो सहा महिने बसला होता. ग्रहणात गावातल्या गंगेवर स्नानाला जायचं सोडून आम्ही सहा जण आगगाडीने ते बघायला निघालो, म्हणून घरोघरी शिव्या खाल्ल्या. सहा काचांवर दिव्याची काजळी मीच धरली होती.

प्लेगचे दिवस होते. मनमाडला गाडी बदलताना डॉक्टर एकेकाची नाडी बघत होता. दत्तूला पडसं झालेलं, अंग कोमट. "याच्याबरोबर कोण आहे?" शिपायाने विचारलं. गोविंदा पाणी आणायला गेला होता. आम्ही आहोत म्हणालो असतो तर सगळेच दहा दिवस प्लेगच्या छावणीत अडकलो असतो. मी म्हणालो, "कोणी नाही." दत्तू माझ्याकडे बघत राहिला, शिपायाने त्याला छावणीकडे नेलं. गोविंदा ऐन वेळी डब्यात चढला; गाडी सुटल्यावर मी त्याला सांगितलं.

"सख्या, ग्रहण त्याचं होतं रे," एवढंच तो म्हणाला.

"मग काय सहाही जणांनी छावणीत बसायचं होतं?" मी ओरडलो. तो खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, पटलं त्याला.

जेऊरच्या माळावर दुपारी ऊन फिकट होत गेलं, गार वारा सुटला. सूर्याची कोर नखाएवढी उरली. मी काच डोळ्यांवर धरून उभा होतो. कोर विझली तसा गोविंदाचा हात माझ्या मनगटावर पडला. "अजून नको, सख्या. डोळे जातील." शिकलेला माणूस, मी ऐकलं. काचेत ठार काळोख. कानांवर मात्र सगळं येत होतं. माणसं हंबरल्यासारखी ओरडत होती, आमच्यातला कोणी रडत होता, आणि गाडीवान म्हणत होता, "दिवसाच्या चांदण्या निघाल्या की वो!" मग मनगट सुटलं. "आता काढ," गोविंदा म्हणाला. काढली, तर भगभगीत ऊन!

सूर्य पूर्ण झाकला की काच काढायची असते, हे त्याने बाकीच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

दत्तू दहा दिवसांनी छावणीतून सुटला, धडधाकट. म्हणजे माझा निर्णय चुकला नव्हता. आजही मी तेच करीन. पण गोविंदाने मला ती दोन मिनिटं कधी परत दिली नाहीत. बाकीच्या तिघांना सांगता येत नसे, "काळा टिळा आणि भोवती पांढरे केस" यापुढे त्यांची गाडी जाईना. गोविंदा दरवर्षी वर्गात ते असं सांगायचा की पोरं खिडकीकडे वळून बघायची. एकदा मी शाळेच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. त्याने मला पाहिलं, खडू ठेवला आणि पाढे म्हणायला लावले. बाहेर गाठून विचारलं, "कसं दिसत होतं, एवढं तरी सांग." तो म्हणाला, "मनमाडला विचार." त्यानंतर मी त्याला अनेकदा गाठलं, गोड बोललो, शिव्या घातल्या. भल्याभल्यांना मी भावात आणलं, हा माणूस एका शब्दाने खाली आला नाही.

तेराव्याला न बोलावता गेलो. दत्तू आता म्हातारा झालाय. त्याने कोनाड्यातून फडक्यात बांधलेली काच काढून माझ्या हातावर ठेवली. गोविंदाची काच, काजळी माझीच.

"दादाने तुमच्यासाठी ठेवली होती, सखारामशेठ. निरोप द्यायला सांगितलाय... 'आता काढ.'"

माझे कान तापले. तरी विचारलंच, "दत्तू, तुला तर त्याने सांगितलं असेल, कसं होतं ते?"

"सांगितलं ना. छावणीतून आलो त्या दिवसापासून रोज सांगत होता. शेवटच्या दिवशीसुद्धा." तो थोडा हसला, आणि मला दारापर्यंत पोचवून त्याने आतून कडी लावली.

काच गंगेत फेकायची म्हणून घाटापर्यंत गेलो होतो. आता ती दुकानात, गादीच्या वरच्या फळीवर आहे. नवा नोकर परवा पुसायला निघाला, तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ती डोळ्यांवर धरतो. आता मनगट धरायला कोणी नाही. तरी काढवत नाही.