ओढ्याकडचा बांध

या की असं जवळ, दारातनंच काय बोलायलात? "मावशी, यंदा पाऊस लय झाला म्हणून पूर आला ना?" एवढं पुसून निघायचं, ही काय पद्धत झाली! बसा जरा. पाऊस झाला, खरं हाय. पण सगळं पावसावर ढकलायला माझी जीभ रेटत न्हाई.

आमचा ओढा गंगाखेडच्या वरल्या डोंगरातनं उतरतो आन् खाली गंगेला मिळतो. गोदावरीला आमी गंगाच म्हणतो. मी लग्न होऊन आले तवा ओढा एवढा रुंद, की बैलगाडी पलीकडं जाईस्तोवर मांडीवरलं लेकरू झोपून जायचं. दोन्ही काठांना करंज, शिंदी, लव्हाळा. डोंगरावर गुडघाभर गवत. पाणी यायचं, लव्हाळ्यात पसरायचं, दमानं खाली जायचं. खालच्या गावात पूर म्हणजे पाराच्या पायरीला पाणी. पारावरली म्हातारी माणसं पाय वर घेऊन गप्पा पुढं चालू ठेवायची.

मग डोंगर उघडा पडला. सरपणाला झाडं गेली, रस्त्यांना मुरूम गेला, उतारावर नांगर चढला. आता पाणी कुठं थांबतच न्हाई, धडाधड खाली येतंय. हे झालं डोंगराचं. आता आमचं सांगते.

आमच्याकडं बांध कोरायची खोड जुनी. दरसाल नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, बांधाच्या अंगावर घालायचं, म्हणजे रान तेवढं वाढतं. शेजाऱ्याचा बांध कोरला तर तो कुऱ्हाड घेऊन येतो, तहसीलला खेटे घालायला लावतो. पण ओढा कुठं भांडायला येतोय? सासरे होते तवर औत करंजापाशी वळायचं. ते गेले आन् मालकांनी एक तास पुढं घातलं. पुढल्या साली आणखी एक, मग करंज बी तोडले. पलीकडच्या काठावाल्यानं बी तेच केलं. शिंदी तर मीच तोडली, तिचे झाडायचे फडे बांधून बाजारात विकले. शेवटी मशीन लावून मातीचा सरळ बांध घातला आन् नालीएवढा ओढा राहिला. त्या साली कडेचं सोयाबीन असं तरारलं, की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे.

खालच्या गावात आमची लेक दिलेली. भादव्यात पाणी आलं ते थेट तिच्या चुलीपर्यंत गेलं. मी चिखल उपसायला गेले तर दारात विहीणबाई फावडं धरून उभ्या. पायाशी मुळासकट वाहून आलेल्या सोयाबीनचा ढीग.

"या विहीणबाई. तुमचं सोयाबीन कालच मुक्कामाला आलं, तुमीच मागं राहिलात!"

बाया हसल्या. मी बी हसले, काय करू? पण तोंडावरला पदर दिवसभर काढला न्हाई.

लेक ताटानं भिंत खरडायली होती. वर न बघताच म्हणली, "आई, दिवाळीला मी येत न्हाई. इथं भिंती वल्या, आन् मी तिथं बसून लाडू खाऊ? सासूबाई हसण्यावारी नेतेत. मला न्हाई जमत."

घरी येऊन मालकांना म्हणलं, बांध मागं घ्या.

"डोंगर फुटला त्याला मी काय करू? आन् पलीकडचा घेतोय का मागं?"

त्यांचं बी अर्धं खरंच हाय. रब्बीच्या पेरणीला मीच जाऊन करंजाच्या बुडख्यावर बसले, ट्रॅक्टरच्या समोर. ट्रॅक्टर वळला. मालकांनीच मातीचा बांध फोडला, ती पट्टी आता रिकामी हाय. गाव म्हणतंय, "म्हातारीनं ओढ्याला आंदण दिलं." म्हणू द्या. पलीकडचा बांध तसाच हाय, डोंगर उघडाच हाय. एवढ्या पट्टीनं पाणी थांबंल, असं मी लेकीला कुठल्या तोंडानं सांगू?

दिवाळी तिच्यावाचून गेली. तुमी आलात तवा तिलाच चिठ्ठी लिहायले होते, ऐका. लेकी, तू पाटीवर शिकवलेल्या अक्षरांत हे लिहायलेय, वाचशील. भिंती वाळल्या असतील आता. विहीणबाईंना बी संगं आण, त्यांना काय बोलायचं ते बोलू दे, मी पदर न घेता ऐकीन. तू बी भांड माझ्याशी. पण मिरगाच्या पेरणीच्या आधी ये गं बाई, लवकर ये.