पुढे केलेला हात

भूकंपानंतर बायको मुलीला घेऊन पुण्याला गेली आणि टोकियोतल्या तोयोसूत मी एकटाच उरलो. ऑफिसातून येताना स्टेशनबाहेर आयर्लंडचा एक म्हातारा गायक दिसायचा. तिकडे म्हणे त्याच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या. इथे कुणी ऐकायला थांबतही नसे. शेवटच्या गाण्याला तो गिटार खाली ठेवायचा, डोळे मिटायचा आणि उजवा हात पुढे करायचा. लोक त्यात नाणं ठेवून, किंचित वाकून निघून जायचे. तो नाणं खिशात टाकून हात परत पुढे करायचा.

एकदा मीही नाणं ठेवलं. त्याने डोळे उघडले.

"पैशांसाठी नाही हो. आमच्या गावाकडे गाणाऱ्याचा हात कुणीतरी धरून बसतं."

मी हात धरला आणि तो पुन्हा गाऊ लागला. गाणं संपलं, तरी दोघांपैकी कुणीच हात सोडला नाही.